पहिला फोटो

आमच्या माहेरी ‘गाठ’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. दोऱ्याला गाठ पडली तरी अम्मी ‘गुंता झालाय’ म्हणायची. त्याला कारण मामू.

मामू मानवतला जिनिंगमध्ये हमाल होते. सरकी काढून, दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी ट्रकवर चढवायच्या हे त्यांचं पंचवीस-तीस वर्षांचं काम. १९९६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या खांद्यामागे फुगवटा दिसू लागला. दुखत नव्हता, खुपत नव्हता. मामूंनी तो हसण्यावारी नेला. ‘‘जिंदगीभर गाँठाँ उठाया मैं, एक बदन में रह गई समजो,’’ असं ते भेटेल त्याला सांगायचे. मुमानीने एरंडाचं पान तापवून बांधलं, आंबेहळदीचा लेप लावला. फुगवटा वाढतच गेला. सदऱ्याची शिवण तटतटू लागली तेव्हा मामू एका सर्जनकडे गेले. सर्जनने बोटांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम. जागा बधिर करून गाठ काढली. सात टाके पडले. मुमानीने विचारलं, काढलेली गाठ कुठंय? कंपाउंडर म्हणाला, बादलीत टाकली. पंधराव्या दिवशी मामू पुन्हा कामावर.

पाच महिन्यांत ती परत आली. या वेळी एका जागी नाही, टाक्यांच्या रेषेवर दोन ठिकाणी आणि काखेच्या बाजूला एक. मग परभणी, तिथून औरंगाबाद, आणि शेवटी अब्बा त्यांना घेऊन मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने दोनच प्रश्न विचारले. पहिल्या ऑपरेशनच्या आधीचा काही फोटो आहे का? एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन, काहीही? आणि काढलेल्या गाठीची तपासणी झाली होती का? अब्बांच्या पिशवीत औषधांची दोन बिलं होती, दुसरं काही नव्हतं.

हात खांद्यापासून काढावा लागला. तरी उशीर झाला होता. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. १९९८ च्या रमजानच्या आधी मामू गेले. अब्बा पुढे कित्येक वर्षं त्या दोन प्रश्नांबद्दल बोलायचे. त्यांना वाटायचं, डॉक्टर आपल्याला दोष देत होता. तो दोष देत नव्हता, हे मला तेरा वर्षांनी कळलं, जेव्हा आमच्या घरात दुसरी गाठ निघाली.

ते सांगण्याआधी थोडं या आजाराविषयी. मला हे सगळं आपाच्या आजारपणात, रांगांमध्ये बसून, डॉक्टरांना विचारून विचारून समजलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. समजलेलं फळ्यावर लिहिल्यासारखं सांगायची सवय आहे, ती वाचकांनी चालवून घ्यावी.

हाडं आणि आतले अवयव सोडले तर आपल्या शरीरात जे उरतं, म्हणजे स्नायू, चरबी, नसा, रक्तवाहिन्या, त्यांना बांधून ठेवणारे पापुद्रे, त्यांना डॉक्टर ‘सॉफ्ट टिश्यू’ म्हणतात. आपण साध्या भाषेत मांस म्हणतो. या मांसात गाठी होतात आणि त्यातल्या बहुतेक अगदी निरुपद्रवी असतात. शंभर गाठींमागे एखादीच वाईट निघते. म्हणून तर घोटाळा होतो. रोज चरबीच्या गाठी काढणाऱ्या हाताला समोरची गाठ चरबीचीच वाटते, आणि शंभरात नव्याण्णव वेळा ते खरंही ठरतं. उरलेल्या एका वेळी जी निघते तिला ‘सार्कोमा’ म्हणतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत हिचा वाटा शेकडा एक इतकाच. ती सहसा दुखत नाही, ताप आणत नाही, भूक घालवत नाही. नुसती वाढते.

बोटांना ही गाठ कळत नाही, तशी ती साध्या एक्स-रेलाही फारशी कळत नाही. विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं दिसतात, बोटातली अंगठी दिसते, मांसाची मात्र फिकट सावली. हाडाचं दुखणं तेव्हापासून दिसू लागलं. मांसाचं दुखणं आणखी पाऊणशे वर्षं अंधारातच राहिलं. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र मिळवण्याची रीत दाखवली. त्यातूनच पुढे एमआरआय आलं. लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरातलं पाणी आणि चरबी यांत हायड्रोजनचे कण असतात. मोठ्या चुंबकात ते एका दिशेने उभे राहतात, रेडिओलहरींनी त्यांना ढकललं की परत जागेवर येताना बारीकसा संदेश देतात. त्या संदेशांचं चित्र बनतं. स्नायू वेगळा, चरबी वेगळी, नस वेगळी, गाठ वेगळी. मामूंच्या खांद्यात काय होतं हे हात न लावता सांगू शकलं असतं, असं यंत्र १९९६ मध्ये जगात होतं. मानवतच्या हमालापर्यंत ते पोचलेलं नव्हतं.

आता आपाचं.

आपा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जिंतूरला दिलेली. दुल्हेभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि घरात आपाचं शिलाई मशीन. ईद आली की गल्लीतल्या निम्म्या पोरींचे सलवार-कमीज तिच्याकडे. २०१० च्या पावसाळ्यात तिला पहिल्यांदा जाणवलं ते नमाजमध्ये. सजद्यातून उठून मांड्या दुमडून बसलं की उजव्या मांडीमागे काहीतरी दाबायचं, जणू जानमाजखाली कापडाचा बोळा राहिलाय. तिने दोनदा जानमाज उचलूनही पाहिली. मग मशीनच्या स्टुलावर बसतानाही तेच. हात लावून पाहिलं तर आत खोल, कडकही नाही, मऊही नाही, असं काहीतरी.

तिने कुणाला सांगितलं नाही. मांडी दाखवायची कुणाला? दुल्हेभाईंनाही चार महिन्यांनी कळलं. मला फोनवर म्हणाली, ‘‘छोटी, एक बात बोलती, अम्मी कू नक्को बोलना.’’ मी गेले. पाहिलं. मुठीएवढी होती.

घरात अर्थातच कळलं आणि दोन तट पडले. मुमानी म्हणाली, लगेच कापून टाका. अब्बा म्हणाले, कापू नका. कापली म्हणूनच मामूंची पसरली. हा समज आपल्याकडे फार आहे, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. दोघांचंही दुःख एकच होतं आणि सल्ले उलटे. आपा मधल्या मधे सुकत चाललेली.

तोडगा निघाला तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंमुळे. बाई आहेत म्हणूनच आपा तपासून घ्यायला तयार झाली. बाईंनी पडदा ओढला, तपासलं, खिशातून टेप काढून माप घेतलं. मग आम्हाला समोर बसवून सांगितलं, ‘‘ही गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे. कातडीखाली सरकत नाही, स्नायूत खोल आहे. आणि वाढतेय. या तीनपैकी एक गोष्ट असली तरी मी आधी फोटो काढायला सांगते. तुमच्याकडे तिन्ही आहेत. फोटोआधी हिला कुणी चाकू लावायचा नाही, सुई लावायची नाही, चोळायचंही नाही.’’

मी मामूंची हकीकत सांगितली. अब्बांची भीतीही सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचे वडील अर्धं बरोबर सांगतात. चाकूने पसरत नाही. आंधळ्या चाकूने पसरते. गाठ कुठवर आहे हे ठाऊक नसताना मधून कापली, तर तिचे कण आजूबाजूच्या चांगल्या मांसात सांडतात. मग पुढच्या सर्जनला ते सगळं मांस काढावं लागतं. कुठवर काढायचं हेही त्याला कळत नाही, कारण पहिलं चित्रच नाही.’’

तेव्हा मला टाटाच्या त्या तरुण डॉक्टरचे दोन प्रश्न उलगडले. तो मामूंना वाचवण्यासाठी नकाशा मागत होता.

परभणीला सोनोग्राफी झाली. त्यात गाठ जवळजवळ पाण्याच्या पिशवीसारखी दिसली. आम्हाला हायसं वाटलं. पण अहवालात खाली लिहिलं होतं की आतून रक्ताचा प्रवाह दिसतो, एमआरआय करावा. पाण्याच्या पिशवीच्या आत रक्त वाहत नाही. आम्हाला औरंगाबादला पाठवलं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं, छत्रपती संभाजीनगर ते २०२३ पासून.

मधे फेब्रुवारी आला. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस. आपाने मन्नत मानलेली होती. तिथे आपल्या मागे-पुढे रांगेत निम्म्या बाया कुंकू लावलेल्या असतात, हे परभणीकरांना सांगायला नको. आपा गेली, चादर चढवली, दंडाला चांदीच्या पेटीतला तावीज बांधून आली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘जाऊन आलात, छान झालं. तिथं कुणी तेल चोळून दिलं नाही ना?’’

एमआरआयच्या दारात खरी अडचण आली ती त्या तावीजची. आत जाताना अंगावर धातू चालत नाही. आपाने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, नकाबाच्या पिना काढल्या, जोडवी काढली. तावीजवर हात गेला आणि थांबली. तंत्रज्ञ मुलगा बिचारा समजावत होता, ‘‘ताई, आत मोठा चुंबक आहे, धातूची कुठलीच वस्तू आत न्यायची नाही.’’ आपा माझ्याकडे बघत राहिली. आजच्या दिवशी तो उतरवायचा? शेवटी तीच म्हणाली, ‘‘तू अपने हात में पकडके दरवाजे के पास बैठ. दूर नक्को जाना.’’ मी पाऊण तास तो तावीज मुठीत धरून बाकावर बसले. आतून ठकठक, मग करवतीसारखा आवाज, मग पुन्हा ठकठक.

मांडीचा फोटो असल्याने तिला पायाकडून आत घातलं होतं, डोकं यंत्राच्या तोंडाशी. तरी बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘कबर में लेटाए सरीका लगा. आयतल कुर्सी पढ्ते गई, गिनते गई. एकसठ बार हुई.’’

फिल्म घेऊन घरी आलो तर अम्मीचा वेगळाच प्रश्न. आमच्या घरात भिंतीवर तसवीर कधी नव्हती. मक्का-मदिनेचं कॅलेंडर सोडलं तर भिंती कोऱ्या. नमाजच्या खोलीत माणसाचा फोटो नको हा अब्बांचा कायदा, माझा बी. एड.चा ग्रुप फोटोसुद्धा ट्रंकेत. आणि आता आपाच्या मांडीच्या आतल्या सोळा-सोळा तसविरींचे मोठे काळे कागद घरात आले होते. ते वाकू नयेत म्हणून ठेवायचे कुठे? अम्मीने ते उजेडात धरून पाहिले, काही कळलं नाही, पण बराच वेळ पाहिले. मग आपल्या गादीखाली सपाट ठेवले. अब्बा काही बोलायच्या आत म्हणाली, ‘‘जान बचानेवाली तसवीर हराम कैसी होती जी?’’ अब्बा काहीच बोलले नाहीत.

त्या फिल्म वाचायला मला टाटामध्ये एका डॉक्टरांनी शिकवलं. दिव्याच्या पेटीवर लावून ते म्हणाले, शिक्षिका आहात ना, बघा. एकाच जागेचे फोटो तीन तऱ्हेने काढतात. पहिल्यात चरबी पांढरी दिसते आणि पाणी काळं. दुसऱ्यात पाणी पांढरं दिसतं. तिसऱ्यात चरबीचा संदेश मुद्दाम बंद करतात, म्हणजे चरबी काळी पडते. साधी चरबीची गाठ असेल तर ती कातडीखालच्या चरबीसारखीच वागते. तिथली पांढरी तर ही पांढरी, तिथली काळी पडली तर हीही काळी. आपाची गाठ तशी वागत नव्हती. ती पाण्यासारखी दिसत होती, आणि तिच्यात चरबीचे अगदी बारीक धागे होते, दुधात पडलेल्या सायीच्या तुकड्यांसारखे. शेवटी शिरेतून औषध देऊन काढलेल्या फोटोत ती आतून उजळली होती. नुसत्या पाण्याची पिशवी आतून उजळत नाही. जिवंत पेशी असलेली गाठ उजळते.

‘‘आणि हे बघा,’’ म्हणून त्यांनी पेनचं टोक एका जागी ठेवलं. गाठीला लागून एक गोल ठिपका होता. मांडीच्या मागून खाली पावलापर्यंत जाणारी ती मोठी नस, सायटिक नर्व्ह. गाठ आणि नस यांच्यामध्ये चरबीची एक पांढरी रेघ होती. दोऱ्याएवढी. ‘‘ही रेघ आहे म्हणजे गाठीने नसेला अजून मिठी मारलेली नाही. पाय वाचवता येईल असं मला वाटतं.’’

तोवर पाय काढण्याविषयी आमच्याशी कुणी बोललं नव्हतं. पण मामूंना पाहिलेल्या आमच्या घरात तो विषय कुणाच्याच मनातून गेलेला नव्हता. मशीनचं पायडल उजव्या पायाने मारायचं असतं.

पूर्वी अशा गाठीवर हात किंवा पाय काढणं हाच उपाय समजत. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी ४३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा अवयव काढला होता, काहींची फक्त गाठ भोवतालच्या मांसासकट काढून वर किरणोपचार दिले होते. जगण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. तिथून पाय वाचवण्याकडे कल झाला. पण पाय वाचवायचा तर गाठ कुठे संपते आणि नस कुठे सुरू होते हे आधी दिसायला हवं. ते दाखवायचं काम एमआरआयने केलं.

१९४१ मध्ये परळला सुरू झालेलं टाटा मेमोरियल १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की एकट्या सर्जनने काही ठरवलं नाही. फोटो वाचणारे, ऑपरेशन करणारे, किरण देणारे, तुकडा तपासणारे, सगळे एकत्र बसून एकेका रुग्णाच्या फिल्म पाहायचे. आपाच्या गाठीचा तुकडा सुईने घ्यायचा होता. सुई कुठून घालायची यावरही चर्चा झाली. मला वाटलं होतं, जिथून जवळ तिथून. डॉक्टरांनी समजावलं की सुईच्या वाटेवर गाठीचे कण राहू शकतात, म्हणून ती वाट पुढे ऑपरेशनच्या चिरेतच यायला हवी आणि गाठीबरोबर काढून टाकता यायला हवी. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत, ठरलेल्या जागेतूनच सुई घातली. मामूंच्या खांद्यावरचे सात टाके मला तेव्हा आठवले. ते आडवे होते.

तपासणीत नाव आलं: मिक्सॉइड लायपोसार्कोमा. चरबीच्या पेशींच्या जातीतला कर्करोग. तरुण आणि मध्यम वयाच्या माणसांत, बहुतेक वेळा मांडीतच होणारा. याची एक खोड अशी की बाकीचे सार्कोमा पसरले तर बहुतेक फुप्फुसात जातात, हा मणक्यात, पोटाच्या मागच्या भागात, दुसऱ्या ठिकाणच्या चरबीतही जाऊन बसतो. म्हणून छातीच्या सीटी स्कॅनवर भागलं नाही, मणक्याचाही एमआरआय झाला. दोन्ही स्वच्छ निघाले. याचा एक गुण असा की किरणांनी तो चांगला आटतो.

आम्ही दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. शेजारी बिहारचे, बंगालचे, आमच्या गंगाखेडचे. आपा सकाळी खाटेवर बसून कुराण वाचायची, पलीकडची गंगाखेडची बाई जनाबाईचे अभंग गुणगुणायची, आणि दोघींच्या पिशव्यांतून त्याच काळ्या फिल्मचे कोपरे बाहेर डोकावायचे.

किरणांचे २५ दिवस होते, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. आधी सीटी स्कॅनवर पायाचा नकाशा काढला, पाय रोज त्याच स्थितीत राहावा म्हणून साचा केला आणि मांडीवर खुणा केल्या. त्या पुसायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. आपाला चिंता पडली गुस्लची. वजूचं ठीक होतं, त्यात मांडी येत नाही. पण गुस्ल म्हणजे सारं अंग भिजायला हवं. धर्मशाळेत कानपूरचे एक मौलवीसाहेब आपल्या मुलाला घेऊन आलेले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘बेटी, बीमार के लिए दीन में आसानी है. तयम्मुम कर लो. निशान मत मिटाओ.’’ आपाचा जीव भांड्यात पडला.

किरण संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. गाठ आटली होती आणि ती पांढरी रेघ रुंद झाली होती. मला ती आता कुणी न दाखवता सापडली. जुलै २०११ मध्ये ऑपरेशन झालं. गाठ भोवतालच्या मांसाचं वेष्टण न उघडता, सुईच्या वाटेसकट, अख्खी निघाली. बादलीत गेली नाही. कडांना शाई लावून, काप घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. कडा स्वच्छ होत्या. शुद्धीवर आल्यावर सर्जनने पहिलं वाक्य म्हटलं ते, ‘‘अंगठा हलवा.’’ अंगठा हलला. दुल्हेभाई दाराबाहेर जाऊन रडले.

या सगळ्याला पैसे कुठून आले हेही लिहायला हवं. म्हैस विकली. अम्मीच्या पाटल्या गेल्या. मी सोसायटीचं कर्ज काढलं. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचं नांदेड होतं, परभणी नव्हतं. आमच्याकडे ती २०१३ च्या अखेरीस आली. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आहे. आमचा अनुभव असा की आजाराला नाव मिळाल्यावर मदतीची दारं कशीबशी उघडतात; नाव मिळेपर्यंतचे फोटो मात्र ज्याचे त्यालाच काढावे लागतात. गरीब माणूस नेमका तिथे अडतो. दोन-चारशेत गाठ काढून मिळते आणि एमआरआयला हजारो लागतात, तर तो कापून मोकळा होतो. मामूंचा हिशेब असाच होता. तो हिशेब चुकीचा होता असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पुढची पाच वर्षं देवगिरी एक्स्प्रेसची. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी छातीचा फोटो, अधूनमधून मांडीचा. मग सहा महिन्यांनी. मग वर्षाने. फोटोच्या आधीचा आठवडा वाईट. आपा उगाच कपाटं आवरायची, कुणाचे घेतलेले दोन-पाच रुपये परत करायची.

२०१४ मध्ये तिची कंबर धरली. गावात एक्स-रे काढला, स्वच्छ आला. दुखण्याची गोळी दिली. पण टाटाच्या कागदावर लिहिलेलं होतं की या जातीच्या गाठीत पाठ दुखली तर नुसत्या एक्स-रेवर विसंबू नये; मणक्यात बसलेली बारीक गाठ एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्या एमआरआयचा अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. अहवाल आला: मणक्याची चकती सरकली आहे. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. कंबरेची चकती सरकली म्हणून पेढे वाटणारं परभणी जिल्ह्यातलं ते पहिलंच घर असावं.

आज आपा थोडी लंगडते. नमाज खुर्चीवर बसून पढते. मशीनला मोटर बसवून घेतलीय, पायाने नुसतं दाबायचं. अब्बा आता नाहीत. औरंगाबादला २०१२ मध्ये सरकारी कर्करोग रुग्णालय झालं, परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अंतर कमी होतंय. फिल्मच्या जागी आता सीडी देतात, मोबाइलवरही येतं. तरी आपाने जुन्या फिल्म टाकल्या नाहीत. तपासणीला जाताना नव्या फोटोशेजारी जुना लावून पाहतात, म्हणून पहिला फोटो लागतोच, असं ती सगळ्यांना सांगते. अम्मीच्या गादीखालून त्या आता आपाच्या गादीखाली आल्यात.

जिंतूरच्या गल्लीत तिचं नाव झालंय. कपडे शिवायला आलेल्या बायका माप देता देता हळूच सांगतात, आपा, इथं काहीतरी लागतंय. बहुतेक वेळा ते काही नसतं. आपा दार लावून घेते, हात लावून पाहते, तिच्या गळ्यात मापाची टेप असतेच. मोठी असेल, खोल असेल किंवा वाढत असेल, तर तीन गोष्टी सांगते. चोळू नको. कुणालाही लगेच कापू देऊ नको, आधी फोटो काढायला सांग. आणि कापलंच तर निघालेला तुकडा तपासायला पाठवला का, हे दारातून हलण्याआधी विचार. मागच्या महिन्यात एका सोळा वर्षांच्या पोरीला तिने असंच स्वतः परभणीला नेलं. सोनोग्राफीत साधी चरबीची गाठ निघाली, लहानशी, कातडीखालची. पोरीची आई म्हणाली, उगाच खर्च झाला आपा. आपाने तिचे ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे घेतले नाहीत.